काही आढळले नाही

अजमानच्या औद्योगिक भागात, टायरच्या दुकानावर
आमची लॅब. खिडकी उघडत नाही.
रोज सकाळी डब्या येतात खाकी पिशवीतून,
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव:
मोजिबुर, रामाश्रय, गुलाम रसूल,
आणि एक सुखदेव घोरपडे, जतचा.
माझ्या गावापासून दोन तासांवरचा माणूस
मला पहिल्यांदा असा भेटला,
काचपट्टीवर, थेंबभर.

जूनमध्ये डब्या वाढल्या.
सी ब्लॉक. सी ब्लॉक. पुन्हा सी ब्लॉक.
कंपनीचा माणूस म्हणाला, खेड्यातून येतात हो,
सवयीच तशा.
आम्ही पोस्टर छापलं चार भाषांत:
नळ उघडा, साबण लावा, वीसपर्यंत मोजा.
नळाला पाणी किती वाजता येतं
ते पोस्टरवर नव्हतं.

सवयी म्हटलं की मला आमची पाणंद आठवते.
पहाटे चारला आई निघायची, टमरेल पदराआड.
एकदा गुड मॉर्निंग पथक आलं,
तलाठी, ग्रामसेवक, शाळेतले दोन मास्तर,
आणि टॉर्च थेट आईच्या तोंडावर.
कोणीतरी गुलाबाचं फूल दिलं तिला, गांधीगिरी म्हणून.
तिनं ते घरी आणलं नाही.
त्या दिवसापासून ती रात्री जेवेना.
संडास आमच्याकडे तीन वर्षांनी झाला.

अब्बास मुकादम मैल्याचा टँकर चालवतो. श्रीवर्धनचा.
पाठीच्या दुखण्यासाठी खाली दवाखान्यात येतो
आणि मराठी बोलायला वर, माझ्याकडे.
टँकर तीन गल्ल्या पलीकडे लावून येतो,
दारातच उभा राहतो,
खुर्चीवर बस म्हटलं तरी बसत नाही.
प्लांटच्या फाटकावर रात्रभर टँकरांची रांग,
पुढच्याचा लाल दिवा बघत डबा खायचा,
तांदळाची भाकरी आणि सुकट,
आणि वास? वास पहिले सहा महिने येतो, म्हणाला.

त्याला मी सी ब्लॉकचं सांगितलं, सहज.
तो हसला.
"बाई, तुम्ही भिंगातून बघता,
मी झाकण उघडून बघतो.
दोनशे बारा माणसं, नऊ संडास.
गुरुवारी मला बोलावतात, टाकी मंगळवारीच भरते.
शेजारी पिण्याच्या पाण्याची टाकी, तीही जमिनीत.
मध्ये वीतभर भिंत.
तिला भेग आहे. माझं बोट जातं आत."
आणि त्यानं बोट दाखवलं.

रिपोर्टात शेऱ्याला जागा दोन ओळींची.
मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, भिंतीचं चित्रही काढलं.
डॉक्टर नहलानं ते वाचलं, चष्मा काढला,
आणि अरबीत कोणाला तरी फोनवर बराच वेळ ओरडली.

बलदियाचा इन्स्पेक्टर आला, पोरगेलासा,
कंदुरा एका हातानं वर धरून
टाकीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला.
टॉर्च लावला.
मी दूर उभी होते, तरी मान खाली गेली माझी, सवयीनं.
उजेड कोणाच्या तोंडावर पडला नाही.
तो भिंतीवर पडला,
भेगेवर थांबला,
आणि बराच वेळ हलला नाही.

आता पाणी छतावरच्या टाकीतून येतं.
टँकर आठवड्यातून तीनदा. संडास अजून नऊच,
पाच नवे कागदावर.
ऑगस्टअखेर मी एका दुपारी चाळीस रिपोर्ट लिहिले.
मोजिबुर: काही आढळले नाही.
रामाश्रय: काही आढळले नाही.
घोरपडे: काही आढळले नाही.
तेच ते लिहून मनगट दुखलं
आणि मी थांबले नाही.

मग अब्बासला डबी दिली. तो नको म्हणाला,
मी कुठल्याच कॅम्पच्या यादीत नाही,
माझा रिपोर्ट कोणाला पाठवणार?
मला, म्हटलं.

त्याच्या हातमोज्यांचं विचारलं तर
एक जोडी आहे, म्हणाला,
डावा फाटलाय गेल्या वर्षीपासून.

एक्केचाळिसावा रिपोर्ट.
अब्बास मुकादम, वय सत्तेचाळीस: आढळले.

गोळ्या पिशवीत घातल्या, वरून हातमोजे,
आणि तीन गल्ल्या चालत गेले,
नाकाला ओढणी न लावता.